दाजींची कवळी

माझ्या ताईने जन्मात एकदाच चारचौघांत तोंड उघडलं, आणि तेही दाजींनी लाटलं. ती स्वतः हे कधी सांगायची नाही, म्हणून मी सांगते.

लग्नाआधी ताई एका दंतवैद्यांकडे कवळ्या बनवायची. दवाखान्यामागे लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. मेणाच्या हिरडीत दात बसवताना तिला हाक मारली तरी ऐकू यायची नाही. डॉक्टर म्हणायचे, "हिच्या हातची कवळी घालून माणूस खुशाल भांडू शकतो."

लग्नाला चार महिने झाले आणि दाजी म्हणाले, "लोकांच्या तोंडातले साचे हाताळायचे, आणि त्याच हातांनी मला वाढायचं?" ताईने काम सोडलं. कुरकुर नाही की काही नाही. चर्चमध्ये लग्न लावताना पाळकांनी वाचलंच होतं, बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं. पण त्याच्या लागलीच पुढे हेही वाचलं होतं, की ख्रिस्ताने आपल्या मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं नवऱ्याने बायकोसाठी द्यावं. वेडीला वाटलं, आज माझी पाळी, उद्या त्यांची. त्या उद्याला एकतीस वर्षं झाली.

दाजी वाईट नाहीत. दारू नाही, हात उचलणं नाही. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान मला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. चर्चमध्ये त्यांना मान आहे. लग्न ठरलेल्या जोडप्यांचा दर महिन्याला वर्ग भरतो, तो तेच घेतात. ताई शेजारच्या खुर्चीत बसते आणि ठरलेल्या जागी मान हलवते. मी मागे चहाचं बघते, त्यामुळे सगळं भाषण मला तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी दाजींचे उरलेसुरले दात काढावे लागले. बाहेरून केलेली कवळी त्यांना टोचायची, बोलताना खाली यायची. शेवटी ताई जुन्या दवाखान्यात गेली. आता तिथे डॉक्टरांची मुलगी बसते. तिच्या परवानगीने ताईने तीन आठवडे खपून दाजींना नवी कवळी करून दिली. ती अशी बसली की मूळचे दातही कधी तसे बसले नसतील. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आठवड्यातून तीन दिवस या. माझ्याकडे दोन मुली आहेत, त्यांना शिकवा. महिनाअखेरपर्यंत सांगा."

ताईने घरी विचारलं. दाजी म्हणाले, "प्रार्थना करून सांगतो." तीन आठवडे प्रार्थना चालली. देवाला एवढा वेळ लागत नाही, पण बोलणार कोण? ताईने मेण कोरायची जुनी सुरी शोधून घासूनपुसून पर्समध्ये ठेवली. मला दाखवताना ती लाजली. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

मग त्या महिन्याचा वर्ग आला. आठ जोडपी होती. अधीनतेवर बोलता बोलता दाजी म्हणाले, "दूर कशाला जायचं? हिला परवाच चांगलं काम चालून आलं होतं. हिने आपणहून नाकारलं. घर आधी, म्हणाली."

ताईची मान हलली नाही. माझ्या हातातली किटली तशीच राहिली. तिने काही नाकारलं नव्हतं. ती अजून उत्तराची वाट बघत होती, आणि ते उत्तर तिला सोळा परक्या माणसांबरोबर कळलं.

पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. "आणि काका, तुम्ही काय सोडलंत?"

दाजी हसले. छताकडे बघितलं, खोकले. मग ताईकडे वळून म्हणाले, "अगं, तूच सांग ना."

ताई शांतपणे म्हणाली, "यांचे दात गेले. तेवढंच. तेही मीच परत करून दिले."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्याने दाजी हसले. ती चष्मेवाली मुलगी मात्र हसली नाही. ती ताईकडे बघत होती.

बाहेर पडल्यावर मी ताईचा दंड धरला. "चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंना सांगून येऊ."

"आता कसं जाऊ?" ती म्हणाली. "मी नाही म्हटलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. मी गेले तर ते खोटे पडतील."

"मग पडू देत ना."

ती दंड सोडवून घराकडे चालू लागली. महिना संपला, आणि त्या जागेवर दुसरं कुणीतरी लागलं.

पुढच्या वर्गात दाजींनी तो दातांचा किस्सा स्वतःच सांगितला. आमची ही कशी गमतीदार आहे, म्हणून. लोक पोट धरून हसले. आता तो किस्सा दर महिन्याला होतो, आणि ताई त्या जागीही मान हलवते.

काल संध्याकाळी मी गेले तर ती खिडकीपाशी बसली होती. मांडीवर फडकं, हातात दाजींची कवळी आणि बारीक कानस. ती इतकी गुंगली होती की दोन हाका मारल्या तरी तिला ऐकू आल्या नाहीत. तिच्या हाताखाली आता एवढी एकच कवळी उरली आहे.

"काय झालं?" मी खांद्याला हात लावून विचारलं.

"डावीकडे टोचतेय म्हणाले."

"टोचू दे की जरा."

"उद्या वर्ग आहे त्यांचा," ताई म्हणाली. फुंकर मारून तिने भुगा उडवला आणि हिरडीवरून बोट फिरवून बघितलं. "बोलताना त्रास नको व्हायला."