भिंतीपलीकडचं गाव

पुण्याला इतकं घाबरून पुण्यावर इतकं प्रेम करणारा माणूस आजवर एकच झाला असेल, आणि तो कोथरूडच्या खोलीत माझा रूम-पार्टनर होता. तो चंद्रपूरकडचा, मी सासवडकडचा. आमच्या घराण्यात पदवीचं प्रमाणपत्र भिंतीला लागलं ते माझंच पहिलं, आणि मी ते दारासमोरच टांगलं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पदवी त्याच्याकडेही होती, पण ती कुठल्याशा पुस्तकात खूण म्हणून घातलेली आणि ते पुस्तक सापडत नव्हतं. त्याच्या कॉटखाली झाडू जाणार नाही इतकी पुस्तकं. सगळी इंग्रजी, रस्त्यावरच्या जुन्या बाजारातली, आणि त्याच्या सांगण्यावरून मला कळलं ते असं, की सगळ्यांत गोष्ट जवळजवळ एकच : पुढच्या काळातलं एक शहर, भोवती भिंत, चौकाचौकात न हसणारा एक चेहरा, सगळ्यांचे कपडे सारखे आणि मनातलं बोलायची चोरी.

हिंजवडीच्या एका कंपनीत आम्ही परदेशी गिऱ्हाइकांसाठी व्हिडिओ गेममधली शहरं करायचो. म्हणजे तो बांधायचा आणि मी त्यांत दिवसभर फिरून चुका काढायचो. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बूड टेकलं की त्याचं प्रवचन सुरू. अशी उजाड शहरं, ते भोंगे, ते पहारे गेममध्ये आले कुठून, तर या जुन्या पुस्तकांतून. "पन या लोकायनं भिंत उचलली, भोंगे उचलले, चेहरा उचलला," तो म्हणायचा, "आन भिंतीपलीकडच्यासाठी आतल्या मानसाचा जीव तुटते ना, ते पुस्तकातच ठेवलं. मंग उरलं काय? नुसती पळापळ." एव्हाना पुढच्या सीटवरच्या मुली कानात इअरफोन घालून मोकळ्या झालेल्या असत.

अभ्यासासाठी त्याला लांब जावं लागलं नाही. आमची सोसायटी होतीच. फलकावरची प्रत्येक सूचना तो थांबून, मान हलवत वाचायचा. लिफ्टमध्ये कॅमेरा बसला तेव्हा त्यानं सेक्रेटरी काकांना गाठून अगदी नम्रपणे विचारलं, "काका, आपल्याला नेमकी कोणाची भीती वाटते?" काका म्हणाले, "भाडेकरूंची," आणि जिना चढून गेले. हा त्या उत्तरावर दोन दिवस खूश होता. त्याचं म्हणणं, चंद्रपूरकडे माणूस शिव्या घालतो, त्याची भीती वाटत नाही. इथं कोणी 'आपण' म्हटलं की घाम फुटतो. मग त्यानं गेममधल्या भोंग्यांना तीच भाषा दिली. 'आपण नियम वाचले असतील असे गृहीत धरण्यात येत आहे.' 'आपल्या काळजीपोटी आपली खिडकी बंद करण्यात आली आहे.' इंग्रजीत गेल्यावरही त्यातला थंडपणा गेला नाही. गिऱ्हाइकानं कळवलं, इतकं भीतिदायक शहर आम्ही पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या हुकूमशहाला त्यानं काकांचाच चेहरा दिला होता. एका रविवारी धीर करून त्यांना दाखवलाही. काकांनी बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "चष्म्याची फ्रेम चुकलीये. माझी एवढी जाड नाही."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर एक दिवस गेममधल्या शहरात फिरताना मी पाण्याच्या टाकीवर चढलो आणि भिंतीपलीकडे मला झाडं दिसली. खेळाडूला तिकडे वाटच नव्हती. तरी तिथं अख्खं गाव होतं : मोहाची झाडं, मारुतीचा पार, पत्र्याची शाळा, विहीर. त्याला विचारलं तर म्हणाला, आमचं आहे. तो शाळेत असताना कोळशाच्या खाणीसाठी गाव उठलं होतं. आता तिथं खोल खड्डा, आणि माणसं नव्या वसाहतीत, आखून दिलेल्या सरळ रांगांत. त्याची आई तिथं एकटी राहायची.

आमच्या टीम लीड मॅडम वाईट नव्हत्या. पण खेळाडू जिथं जाणारच नाही तिथल्या झाडांनी मशीनवर भार का टाकावा, हे त्यांचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. सोमवारी काम गिऱ्हाइकाकडे जायचं, त्याआधी गाव काढायचं ठरलं. त्यानं वाद घातला नाही. एवढंच मागितलं, की रविवारपर्यंत एक मशीन खोलीवर नेऊ द्या. मॅडमनी नेऊ दिलं. आणि त्यानं मायला बोलावून घेतलं.

रात्रभर प्रवास करून माय आली. चहा झाल्यावर त्यानं तिला खुर्चीत बसवलं, मी माऊस धरला. ती सांगेल तिकडे मी चालायचो. पाराशी आलो तशी तिनं पदर डोक्यावर घेतला. शाळा मागे टाकली, विहिरीपाशी पोचलो, आणि ती थांब म्हणाली.

"विहीर इकडं नोहोती रे बापू. शाळेच्या डाव्या अंगाले होती."

"उजवीकडंच होती, माय."

"पानी कोन भरे? तू का मी?"

माय अजून थोडं पाहत राहिली, मग हळूच म्हणाली, "मानसं काहून नाही दिसत?"

"तेवढा वेळ नाही भेटला, माय."

दुपारी ती आडवी झाली आणि हा मशीनसमोर बसला. विहीर उचलून शाळेच्या डावीकडे नेली, पायवाट वळवली, काठाला घागर घेतलेली एक बाई उभी केली. उद्या पुसायचंय हे, असं मी म्हणालो. त्यानं मान वर केली नाही. "चुकीचं कसं पुसू?" म्हणाला.

सोमवारी दुपारपर्यंत भिंतीपलीकडे राखाडी मोकळी जागा उरली. तो गेम पुढे बराच चालला. हा दुसऱ्या देशात गेला, तिकडेही शहरंच बांधतो. सणावाराला फोन येतो. सेक्रेटरी काकांची चौकशी आधी, माझी नंतर. मी मायचं विचारतो. बरी आहे म्हणतो, गुडघे तेवढे दुखतात.

"मले विचारते अजून," म्हणतो, "गावाले पुन्हा कधी नेतो म्हणून."