शुक्रवारची टीम

आमची क्रिकेट टीम अकरा वर्षं टिकली आणि तिच्याबद्दल कुठेही एक ओळ छापून आली नाही. छापण्यासारखं काही नव्हतंच. आखातात, रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्याची टीम, टेनिस बॉल, पंचवीस-पंचवीस ओव्हरची मॅच, आणि कारखान्यांच्या लीगमध्ये आम्ही कायम खालच्या गटात. त्या गटात आठ संघ, त्यांत आमचा नंबर बहुधा पाचवा नाहीतर सहावा. या टीमचा इतिहास लिहायचा तर मलाच लिहावा लागणार, कारण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत टिकलेले दोघेच, मी आणि आमचा विकेटकीपर. कीपर काही लिहीत बसणाऱ्यातला नाही. शिवाय टीम बुडवली ती मी. त्यामुळे कबुलीही मीच दिलेली बरी.

मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात आहे. कोण कधी आत आला, कोण कधी बाहेर गेला, कोणाची कोणती शिफ्ट, कोणाला कोणत्या दिवशी सुट्टी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. माणसं तोंडावर मला साहेब म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. स्वभाव तिरसट, नियम म्हणजे नियम. बायको आणि मुलगी आधी इथेच होत्या, शारजाला अल मजाजमध्ये आमचं घर होतं. मुलगी चौथीत गेली तेव्हा पुढच्या शिक्षणाचा विचार करून दोघी पुण्याला परतल्या आणि मी कारखान्याजवळ एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. दोन वर्षांत मीही येतो, असं ठरलं होतं.

त्यानंतरचा पहिला शुक्रवार मला चांगला आठवतो. शुक्रवार म्हणजे सुट्टी. आठ वाजेपर्यंत माझे कपडे धुऊन झाले, नाश्ता झाला, फरशी पुसून झाली. घरी फोन लावला तर तिकडे शुक्रवार म्हणजे साधा कामाचा दिवस. बायको नुकतीच एका शाळेत नोकरीला लागली होती. "तास आहे रे माझा, ठेवू?" म्हणाली आणि ठेवलाच. आखातात सुट्टीचं हे एक मोठं दुखणं होतं. आपण मोकळे असायचो तेव्हा घरचे कामात, आणि रविवारी घरचे मोकळे असायचे तेव्हा आपण मान मोडून कामाला. शुक्रवारी बोलायला कोणीच नसायचं.

चार भिंती खायला उठल्या म्हणून बाहेर पडलो आणि चालत चालत कामगारांच्या कॅम्पमागे पोहोचलो. तिथे आमच्याच प्लांटची माणसं फळकुटाने क्रिकेट खेळत होती. मला बघून सगळी गप्प झाली, साहेब तपासायला आला म्हणून. मी म्हटलं, "चालू द्या." स्टंप म्हणून उभ्या केलेल्या क्रेटमागे गुहागरचा एक फोर्कलिफ्टवाला बसला होता. त्याने विचारलं, "साहेब, टाकताय काय एक ओव्हर?" मी टाकली. पहिलाच बॉल कॅम्पच्या छतावरच्या पाण्याच्या टाक्यांत गेला आणि सगळे पोट धरून हसले. कोणी आपल्यावर हसलं म्हणून इतकं बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तो क्रेटमागचा माणूस पुढे अकरा वर्षं आमचा कीपर राहिला.

महिन्याभरात टीम झाली. पाच-सहाजण ऑफिसातले, सहाजण प्लांटवरचे, बहुतेक कोकणातले. कंपनीने जर्सी दिल्या, त्यावर कंपनीचं नाव इतकं मोठं की नंबराला जागाच उरली नाही. मैदान म्हणजे ट्रकच्या वर्कशॉपमागची खडीची मोकळी जागा, मध्ये सिमेंटची पट्टी, त्यावर मॅट. समोर उघडे डोंगर. डाइव्ह मारणारा माणूस आठवडाभर कोपर सोलवटून फिरायचा. कॅप्टन मी झालो, कारण सुट्ट्या माझ्या हातात होत्या. खेळ बघून कोणी मला कॅप्टन केलं नसतं.

शुक्रवारच्या मॅचचा एक रिवाज होता. सहाला सुरू, आणि अकराच्या ठोक्याला स्टंप उपटायचे, कारण आमच्या तिघांना आणि समोरच्या निम्म्यांना आंघोळ करून जुम्म्याच्या नमाजाला जायचं असायचं. अकराला ज्याचा रनरेट जास्त, तो जिंकला. त्यामुळे पुढे असलेला संघ वेळ काढायचा. कोणाची बुटाची नाडी सुटायची, कोणाच्या डोळ्यांत वाळू जायची. मी यात पटाईत होतो. एका वर्षी शेवटची मॅच जिंकली की आम्ही वरच्या गटात जाणार होतो. आम्ही पुढे होतो, अकराला सात मिनिटं होती आणि मी दर बॉलला फील्डिंग बदलत होतो. तेवढ्यात आमचा खेडचा बॉलर मला म्हणाला, "साहेब, नमाजाच्या नावावर ही लबाडी नको," आणि त्याने धडाधड ओव्हर टाकून मोकळी केली. तीन सिक्सर बसले. आम्ही हरलो. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. मग ईदला त्याने शीरखुर्मा पाठवला, आणि मी तो डबा चाटूनपुसून संपवला.

पण मॅच हे निमित्त होतं. मला हवे होते ते शुक्रवारचे पाच तास, आणि नंतर कॅफेटेरियात इथला घट्ट दुधाचा करक चहा पिताना चालणारी भांडणं. तू तो कॅच का सोडलास, साहेबांनी तिसरी ओव्हर त्याला का दिली. बारा वाजता बायकोची शाळा सुटली की मी फोन करायचो, दहा मिनिटं बोलायचो, आणि माझ्याकडे सांगायला काहीतरी असायचं. मुलगी "हाय बाबा, डिड यू विन?" विचारायची. नाही म्हटलं की "ओके, बाय!" म्हणून पळायची. दोन वर्षांची चार झाली, चारांची आठ. तो विषय आम्ही दोघांनीही हळूहळू काढेनासा केला.

मग देशात आठवड्याची सुट्टीच बदलली. शुक्रवार जाऊन शनिवार-रविवार आले. आमच्या ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. प्लांटची भट्टी काही बंद ठेवता येत नाही, म्हणून तिथल्या माणसांना आळीपाळीने, कोणाला मंगळवार, कोणाला गुरुवार. लीग रविवारी गेली, आणि दोन महिन्यांनी सुरू झाली. पहिल्या रविवारी माझ्याकडे ऑफिसचे चारजण आणि मी, प्लांटचा एकही नाही. वॉकओव्हर द्यावा लागला. लीगचा सेक्रेटरी एक मल्याळी गृहस्थ, शांत माणूस. तो म्हणाला, "भाईसाब, एक और वॉकओवर, तो खलास. नाम काटना पडेगा. चार टीम लाइन में खड़ा है."

त्या आठवड्यात मी ते केलं, जे टाइम ऑफिसातल्या माणसाने करू नये. सुट्ट्यांचा तक्ता पुढ्यात घेतला आणि आमच्या सहाही खेळाडूंची सुट्टी रविवारी आणून बसवली. त्यासाठी दुसऱ्या सहाजणांना हलवावं लागलं. कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं, पण मला कोणी विचारत नाही. नियमांचा एवढा बाऊ करणारा मी, पण सही बेधडक ठोकली. ही टीम गेली तर सुट्टीच्या दिवशी मी काय करणार, एवढंच डोक्यात होतं. ग्रुपवर मेसेज टाकला: रविवारी सहा वाजता, सगळ्यांना सुट्टी दिली आहे, सबब चालणार नाही. पाच अंगठे आले. खेडच्या बॉलरने इन्शाल्ला लिहिलं. आखातात इतकी वर्षं काढूनही मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

रविवारी मी पावणेसहाला मैदानावर. ऑफिसातले चौघे आले. सहा वाजले, प्लांटचा कोणी दिसेना. समोरची टीम पॅड बांधून तयार. निदान आठ माणसं लागतात, आमची पाच. मी कीपरला फोन लावला, तो बिझी. बॉलरला लावला, तोही बिझी. सहाच्या सहा फोन बिझी. सेक्रेटरीने घड्याळ दाखवलं आणि अर्धा तास दिला. मी गाडी काढून तडक कॅम्पवर गेलो. वाटेत काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होतो. मी यांच्यासाठी नोकरी पणाला लावली आणि हे लोक झोपा काढतायत.

झोपलं कोणीच नव्हतं. कॅम्पच्या लांब व्हरांड्यात एकेक कोपरा धरून सगळे फोन समोर घेऊन बसले होते. एकजण पोराकडून पाढे म्हणून घेत होता. खेडचा बॉलर आईला आपल्या ताटातला ऑम्लेट-पाव दाखवत होता. कीपर जिन्याच्या पायरीवर होता, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्याने मला पाहिलं, आणि गडबडून जाण्याऐवजी त्याचा चेहरा उजळला. त्याने फोन माझ्याकडे फिरवला. पडद्यावर न्हाऊन ओल्या केसांच्या दोन मुली आणि त्यांच्यामागे त्यांची आई.

"हे बघा, हेच आमचे साहेब," तो म्हणाला. "यांनीच बाबांना रविवारची सुट्टी दिली."

दोघी मुलींनी हात जोडले. त्यांची आई पदर सारखा करत म्हणाली, "लई उपकार झाले साहेब." मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

फोन ठेवून कीपर उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "साहेब, रागावू नका. मॅच नको म्हणायचं होतं, पण जीभ रेटेना. इतकी वर्षं आमची सुट्टी नि पोरांची सुट्टी कधी एका दिवशी आलीच नाय. धाकटीला मी नीट जागेपणी बघितली ती आता. नायतर आपलं शुक्रवारी, ती शाळेत. इथल्या सगळ्यांचं तेच चाललंय." मग मला बरं वाटावं म्हणून हसून म्हणाला, "तुमची पण सुट्टी रविवारीच आली की! वहिनी खूश झाल्या असतील."

"हो तर," मी म्हणालो.

मी घरी सांगितलंच नव्हतं. सुट्टी बदलून दोन महिने होऊन गेले होते आणि मी आपला शुक्रवारी बारा वाजता, नेहमीच्या वेळी फोन करत होतो. रविवार टीमसाठी मोकळा हवा, घरच्यांनी त्यावर हक्क सांगायला नको, असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. रविवार त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांना तो नकोच असला तर? टीम असेपर्यंत हे मला विचारावं लागत नव्हतं.

परत मैदानावर जाऊन मी सेक्रेटरीला सांगितलं, नाव काटा. त्याने कागदावर रेघ मारली आणि माझा हात हातात घेतला. रांगेतली पहिली टीम तिथेच हजर होती, ट्रक ड्रायव्हरांची, एकदम तरणीताठी पोरं. ऑफिसातले चौघे उन्हाच्या आत घरी जायचं म्हणून निघाले. त्यांची बायकामुलं इथेच होती. मी गाडीत एसी लावून बसलो. साडेसात वाजले होते, म्हणजे पुण्यात नऊ. मनाचा हिय्या करून फोन लावला.

पहिल्याच रिंगला बायकोने उचलला. "काय झालं? बरा आहेस ना तू?" मागून मुलीचा आवाज आला, "इज बाबा इन द हॉस्पिटल?"

"अगं काही झालं नाही. सहज केला," मी म्हणालो.

"सहज? रविवारी?" तिने मागे वळून मुलीला "काही नाही गं" म्हटलं. "घाबरवलंस रे. ऐक ना, आम्ही निघतोय. आमचा दर रविवारचा ग्रुप आहे ना टेकडीवर जायचा, सगळे खाली येऊन थांबलेत."

दर रविवारचा ग्रुप. मला माहीत नव्हतं. तिने सांगितलंही असेल, शुक्रवारच्या दहा मिनिटांत कधीतरी.

"जा जा," मी म्हणालो.

"शुक्रवारी बोलू मग. तुझी सुट्टी असते, निवांत बोलता येतं," ती म्हणाली. मागे दार लागल्याचा आवाज आला, मुलगी कुणालातरी हसून हाक मारत जिना उतरत होती.

"हो," मी म्हणालो. "शुक्रवारी."

अजूनही मी शुक्रवारीच फोन करतो. बारा वाजता ऑफिसचं दार लावून घेतो आणि त्यांनी विचारलं तर सांगतो, आज सुट्टी, घरीच आहे.