खडबडीतचं उदाहरण

शिरड शहापूरजवळच्या एका गावात मी दुसरीला शिकवते. त्या दिवशी ‘खडबडीत’ हा शब्द घ्यायचा होता, म्हणून घरून एक कारलं आणि पॉलिश न केलेलं हळकुंड नेलं. लेकरांनी डोळे मिटून त्यांवर हात फिरवला.

“हात सरळ सरकत नाही, जागोजागी अडतो, ते खडबडीत,” मी म्हणाले. “आता तुमच्या मनानं उदाहरणं सांगा.”

रस्ता आला. बाभळीचं खोड आलं. मग पुढं बसणारी, वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत पोरगी उठली. माझ्याकडं नीट बघून म्हणाली, “मॅडमचा गाल खडबडीत हाय.”

वर्ग हसला. ती मात्र शाबासकीची वाट बघत उभीच.

वयात येताना उठलेल्या पुटकुळ्यांनी माझे दोन्ही गाल कायमचे बिघडवलेत. बघायला आलेली माणसंसुद्धा तोंडावर बोलली नव्हती. ‘मुलगी शिकलेली आहे’ म्हणून चहा पिऊन गेली होती. माझे कान तापले. “खाली बस,” म्हणाले, पाढे म्हणायला लावले आणि फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. फळ्यावर काय लिहिलं, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तिची आई तिला हाताला धरून आली. पोरीचे डोळे रडून सुजलेले.

“मॅडम, तुमच्या गालाला खडबडीत म्हणली ही. लेकराला कळत न्हाई. घरी लई रागं भरले मी तिला. पाया पड गं मॅडमच्या.”

व्हरांड्यात बाकीचे शिक्षक होते. सगळ्यांची नजर माझ्या गालांवर आली आणि घाईनं दुसरीकडं वळली. जमीन दुभंगावी असं वाटलं. वाकलेल्या पोरीला मी धरून उभं केलं.

“तिचं काही चुकलं नाही,” मी आईला म्हणाले. “शब्द बराबर वापरला तिनं.”

पोरीनं नाक पुसलं. “मंग मला खाली काहून बसवलं?”

“मला लाज वाटली, बाळा.”

आई खाली बघू लागली. पोरगी विचारात पडली. मोठ्या माणसाला लाज वाटते हे तिला नवीन असावं. घंटा झाली, तशी ती वर्गात पळाली.

त्या आठवड्यात ‘गुळगुळीत’ शिकवला. तिनं हात वर केला, पण लगेच बोलली नाही. माझ्या तोंडाकडं न बघता, खिडकीबाहेर शोधून शोधून, शेवटी म्हणाली, “हापशाचा दांडा.”

“शाब्बास,” मी म्हणाले. ती अजूनही उत्तर देताना खिडकीबाहेरच बघते.