हातना ब्रेक

"गाडी थांबनी म्हंजे व्हयनं, तिले हुबं राव्हानं काय शिकाडनं?" असं सुकदेव एकदा म्हणाला होता. गाडी थांबली म्हणजे झालं, उभं राहायला तिला वेगळं काय शिकवायचं. हे तो इतक्या खात्रीने म्हणाला की भागीरथीला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती. पण ती साड्यांचे धागे कापत बसली होती आणि नुकतंच नळाला पाणी आलं होतं. नळाला पाणी आलं की तिला जगात काही वाईट असेल असं वाटत नसे.

तो नळ तिचा होता. म्हणजे खोली सुकदेवच्या शेठची, नळही शेठचाच, पण दाराच्या आत. आधीच्या प्रत्येक चाळीत ती घागर घेऊन रांगेत उभी राहिली होती. उभं राहणं ही त्या घरात तिचीच कला. सुकदेवची कला थांबण्याची.

सुकदेव शिंदखेड्याकडचा. भागीरथीशी लग्न झाल्यावर तो चलथाणच्या साखर कारखान्यात लागला. एका सकाळी फोरमनने सगळ्यांना चहा दिला आणि त्याला विसरला. सुकदेवने टॉवेल खांद्यावर टाकला आणि घरी आला. मग भेस्तानला यंत्रमागावर गेला. दुसऱ्याच्या मागावर निघालेल्या खराब कापडाबद्दल मुकादमाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुन्हा टॉवेल, पुन्हा घर. हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे वेल्डर झाला. तिथून तो प्लेगच्या साली निघाला. पण त्या वर्षी अर्धं सुरतच चालतं झालं होतं, त्यामुळे त्याचा मान कशाने दुखावला हे कोणी विचारलंच नाही. याचं मात्र त्याला वाईट वाटलं.

तो भांडत नसे. भांडला असता तर भागीरथीने जाऊन मिटवलं असतं. तो काही न बोलता निघून येई आणि मग तिकडचे लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलत, कारण बोलायला दुसरं काही नसे. भागीरथीने मात्र एक खूण हेरून ठेवली होती. रोज कामावर जाताना टॉवेल उजव्या खांद्यावर असतो. काम सोडायचं असेल त्या दिवशी तो डाव्या खांद्यावर जातो. हे सुकदेवला स्वतःला माहीत नव्हतं, आणि तिने ते कधी सांगितलं नाही.

नळवाली खोली मिळाली ती धनसुखभाई शेठकडे. त्यांचे माग होते, आणि वडिलांच्या वेळची एक काळी लँडमास्टर गाडी होती. मागांची डागडुजी आणि गाडीची निगा असं सुकदेवचं काम. काम आहे तोवर खोली. काम गेलं की खोली, नळ, सगळं गेलं. भागीरथीने हे त्याला दोनदा समजावलं आणि त्याने दोन्ही वेळा मान हलवली.

गाडी फक्त रविवारी निघे, घरापासून मंदिरापर्यंत. वाटेत म्हशी तिला मागे टाकून जात. पण शेठचे जावई परदेशी होते. त्यांनी फोनवर सांगितलं की आता चारही चाकांना डिस्क ब्रेक असतात, ड्रम कोणी ठेवत नाही. पुढची चाकं आधीच कुणीतरी तशी करून दिली होती. मागची सुकदेववर आली. ज्या गाडीला पळताना कोणी पाहिलं नव्हतं, तिला थांबवण्याची इतकी जय्यत तयारी सुरतेत पूर्वी कोणी केली नसेल.

"गाडी बराबर ऊभी रहेवी जोईए, सुकदेवभाई," शेठने बजावलं. गाडी नीट उभी राहिली पाहिजे.

"रही जशे, शेठ," सुकदेव म्हणाला.

इथेच घोटाळा झाला. सुरतेच्या बसमध्ये उतारू "ऊभी राखो" असं ओरडतात तेव्हा त्यांना बस थांबवून हवी असते, एवढंच. उतरल्यावर ती उभी राहिली काय, गेली काय. इतकी वर्षं ते ऐकून सुकदेवच्या डोक्यात उभं राहणं आणि थांबणं एकच झालं होतं. गावाकडे तो असा चुकला नसता.

त्याने भंगार बाजारातून मारुतीच्या डिस्क आणल्या. लेथवर पट्ट्या घडवून घेतल्या, मागचे ड्रम उतरवले, त्यांतले ब्रेक शू काढले आणि डिस्क अशा बेताने बसवल्या की बघत राहावं. पण त्या डिस्क पुढच्या चाकांच्या होत्या. पुढच्या चाकांना हॅन्डब्रेक नसतो, म्हणून हॅन्डब्रेकची तार अडकवायला त्यांत जागाच नव्हती. सुकदेवने तार गुंडाळून घरी आणली. दांडा मात्र गाडीत आपल्या जागी राहिला, कशालाच न जोडलेला.

"हाई तार कशानी शे? उरनी कशी?" उरलेल्या तारेकडे बघत भागीरथीने विचारलं होतं. त्यावर तो ते वाक्य बोलला.

सुरत सपाट आहे. पुढचे कितीतरी रविवार गाडी मंदिरापुढे उभी राहिली आणि सुकदेवचं म्हणणं खरं ठरत गेलं. मग शेठच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत आली. तापीचा पूर लक्षात ठेवून शेठने जोतं उंच घेतलं होतं, आणि दारापर्यंत चढ बांधला होता. सगळे पाहुणे जमले. भागीरथी चढाच्या पायथ्याशी उंधियूच्या पातेल्यांपाशी वाढायला उभी होती. हार घातलेली गाडी स्वतः शेठ चालवत आले, चढ चढले, आणि दारापाशी ब्रेक दाबला. गाडी अशी थांबली की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठने सवयीने दांडा ओढला, गिअर काढला आणि हात जोडत उतरले.

गाडीही उतरू लागली. सावकाश, मागे मागे, जराही आवाज न करता. भागीरथी बाजूला झाली. उंधियूची पातेली झाली नाहीत.

कोणाला लागलं नाही. त्यामुळे सगळ्यांना हसायला मोकळीक होती, फक्त शेठ हसेनात.

"मैंने क्या बोला था? गाडी ऊभी रहेवी जोईए, बोला था ना?"

सुकदेवने गाडीकडे पाहिलं. "ऊभी तो रही, शेठ," तो म्हणाला. "पछी गई." उभी तर राहिली, गेली ती नंतर.

त्यावर जे हसू झालं ते बंगल्याच्या गच्चीपर्यंत गेलं. भागीरथीची नजर त्याच्या टॉवेलवर होती. टॉवेल हातात होता. तो त्याने उंधियू पुसायला घेतला होता.

सुकदेवने जुने ड्रम परत बसवायची तयारी दाखवली. शेठ म्हणाले, जावयांना काय सांगू? गाडी गिअरमध्ये उभी करा म्हटलं, तर शेठ चालू करताना विसरत आणि गाडी बेडकासारखी उडी मारी. शेवटी शेठनेच उपाय काढला. एक चांगला दगड घ्यायचा. सुकदेवने तो मांडीवर घेऊन गाडीत बसायचं, आणि गाडी थांबली की आधी उतरून चाकाला लावायचा. जगातला सगळ्यात नवा ब्रेक आणि सगळ्यात जुना ब्रेक, दोन्ही एकाच गाडीला.

त्या संध्याकाळी शेजारचा पंडित दारात येऊन उभा राहिला. तोही खान्देशचाच, मागावर कामाला. "काय दाजी," त्याने विचारलं, "ऐकतो ते खरं का? शेठने तुमची बढती केली म्हणे. मिस्त्रीचे हॅन्डब्रेक झाले."

सुकदेवने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पंडित गेल्यावर म्हणाला, "गाडीच तशी शे."

"गाडीले कशाले नावं ठेवतस?" भागीरथी म्हणाली. हातातली कात्री थांबली नव्हती. "तुम्हले तरी हातना ब्रेक कोठे शे? पायना शे. दाबा, की जागच्या जागी बंद. मंग सगळं घर मांगे मांगे जास."

इतकं ती कधी बोलली नव्हती. सुकदेव कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या तारेकडे बघत राहिला.

रविवारी सकाळी नळाला पाणी आलं. भागीरथीने बादली लावली आणि ती भरली तरी नळ बंद केला नाही, वाहू दिला. बाहेर शेठचा हॉर्न वाजला. चाळीतली पोरं "पथरा! पथरा!" करत धावली. दगड उंबऱ्याशी होता, शेठनेच पाठवलेला, चांगला गुळगुळीत.

सुकदेवने चप्पल घातली. खुंटीवरचा टॉवेल काढला आणि डाव्या खांद्यावर टाकला.

भागीरथीने नळ बंद केला. आता सवय मोडायलाच हवी होती.

हॉर्न पुन्हा वाजला. सुकदेव उंबऱ्याशी थांबला, आणि थांबल्यावर बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग खाली वाकला. टॉवेल खांद्यावरून ओढून त्याने तो दगडाभोवती गुंडाळला, शेठच्या सीटला माती लागू नये म्हणून. दगड तान्ह्या पोरासारखा कडेवर घेतला, आणि गाडीकडे निघाला.