माळवदावरची आठ टन माती

गेल्या महिन्यात एका सकाळी नायगावहून वहिनींचा फोन आला. "हे गेले, भाऊजी... झोपेतच." माझा चुलतभाऊ दिलीपदादा तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचा. महिना उलटला, तरी डोळ्यांसमोर येतो तो रेणापूरजवळच्या आमच्या गावी, माळवदावर कुदळ घेऊन उभा असलेला दादा.

काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा. भूकंपाच्या लहान धक्क्यांनी गाव धास्तावलं होतं. घर दगड-मातीचं, वर माळवद म्हणजे लाकडांवर माती पसरलेलं सपाट छत; ते गळू नये म्हणून दरवर्षी वर मातीचा नवा थर पडायचा. दहा बाय बाराची खोली, दीड फूट माती, म्हणजे साधारण आठ टन... हिशेब मीच केला. ती उतरवून पत्रे टाकायचं दादानं ठरवलं. पण त्याचे वडील, बापू, आतल्या बाजेवरून उठेनात.

"पाड माझ्यावर," म्हणाले.

दादा खाली उतरला. "बापू, आपली जमीन वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकते. त्या रेट्यानं तिकडं हिमालय उचलला जातो, इकडं खडकात ताण साठतो. भिंतीतला हा काळा दगडबी कधीकाळी जमिनीतून वाहत आलेला रस हाय. ताण कधी सुटंल, सांगता येत न्हाई."

"सरकू दे जमीन. मी न्हाई सरकत."

दादा बाजेशेजारी सतरंजी टाकून आडवा झाला. ज्या छताची त्याला भीती, त्याच्याच खाली... मी दारात उभा. दुपार कलली तरी दोघं तसेच.

मग जमिनीतून घुमल्यासारखा आवाज आला. बाजेचे पाय थरथरले, लाकडांच्या फटींतून माती दादाच्या छातीवर सांडली. क्षणभरच. तो हलला नाही, पण त्याचा श्वास मला दारातून ऐकू येत होता.

बापू उठून बसले. "ऊठ की लेका. लेकरं हायेत तुला."

"आधी तुम्ही."

शिव्या देत बापू बाहेर आले. दिवस मावळायच्या आत निम्मी माती उतरली.

गेल्या आठवड्यात पुन्हा हादरा बसला. लातूरहून मी घाईनं फोन लावला. "पत्रे वाजले नुसते," बापू म्हणाले. "बाजेवरच होतो." मग म्हणाले, "पत्र्याखाली लई उकडतं रे. दर उन्हाळ्यात दिलीप येऊन वरून चुना मारायचा. औंदा तू ये."