डोळे आखणारी

एम.ए.चा लोकप्रशासनाचा पहिला पेपर रोह्याला होता. पेणला एसटीत बसल्यापासून माझ्या हातातल्या नोट्स थरथरत होत्या. शेजारच्या बाईंच्या नखांत काळा रंग होता. त्या हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायच्या. बोलतानाही त्यांचं बोट गुडघ्यावर भुवई काढत होतं.

"घाबरलीस काय गो?"

"हो. हात थांबतच नाही."

"माझा पन रोज थरथरतो. ज्या दिशी थरथरत नाय ना, त्या दिशी देवाची नजर तिरकी बसते."

नागोठण्याला त्या उतरल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

आता तहसील कार्यालयात मी दिवसभर लोकांच्या अर्जांवर सह्या करते. कुणाचा दाखला, कुणाची जमीन. हात जराही थरथरत नाही. हल्ली मला त्याचीच भीती वाटते.