लाभ, दोन, तीन

माझ्या नातीचं गणित मी आठ दिवसांत बिघडवून दाखवलं.

तशी मिठू (वय सात) हुशार. गोष्टी फडाफडा सांगते. पण आकडे दिसले की गप्प! तिला डिस्कॅल्क्युलिया आहे, म्हणजे संख्या डोक्यात ठसतच नाही. धुळ्यातल्या खास वर्गाच्या मॅडमनी महिनाभर खपून तिला एक ते पाच बोलतं केलं होतं. "आजी, घरी हातात वस्तू देऊन मोजून घ्या. पण सांभाळून! पुन्हा घाबरली तर सगळं पहिल्यापासून."

सूनबाई नोकरीवर, म्हणून मी भडगावहून आलेली. म्हटलं, वस्तूंना काय तोटा! बिबड्यांसाठी (आमचे ज्वारीचे पापड हो!) रोज ज्वारी मापायचीच होती. मिठूच्या हातात वाटी दिली.

"भर बेटा! म्हण माझ्यामागं. लाभ... दोन... तीन..."

आता, आमच्याकडे धान्याचं पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, घरात बरकत राहावी म्हणून. माझे आबा म्हणायचे, मीही म्हणते. मिठूनं आठवडाभर आनंदानं म्हटलं. मी मनातल्या मनात स्वतःला मास्तरीण नेमूनही टाकलं!

मंगळवारी मी मिठूसोबत वर्गात बसले होते. मॅडमनी एक बोट वर केलं. "मिठू, किती?"

"लाभ!"

"अं? बरं, तुला नाकं किती?"

"लाभ!"

बाकीच्या पोरांना शब्द भलताच आवडला. दोन मिनिटांत वर्गभर लाभच लाभ! मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताचा पंखा न्याहाळू लागले.

एवढ्यात मिठूचा चेहरा पडला. ओठ घट्ट मिटले. (महिनाभराची मेहनत मी वाटी-वाटीनं मापून बाहेर टाकली होती!)

"मॅडम, चूक मनी शे! पोरीची नाही!" घाबरले की माझी अहिराणी आपोआप बाहेर येते.

"मग तुम्हीच मोजा," म्हणत त्यांनी पाच मणी पुढ्यात ठेवले.

"ला..." जीभ चावली. "ला..." पुन्हा तेच! पोरं खिदळली.

मिठू उठली. माझं बोट धरून मण्यावर टेकवलं. "आज्जी, भिऊ नको. एक म्हण. एक... दोन... तीन... चार... पाच!"

मॅडमनी टाळ्या वाजवल्या, तिला सहावा मणी दिला आणि मला घरचा अभ्यास.

संध्याकाळी सून दारात येते न येते तोच मिठू तिच्या कानात कुजबुजली, पण मला ऐकू जाईल अशी:

"मम्मी, आज्जीला रागवू नको हं. काही काही लोकांना वेळ लागतो!"